काळा डोह म्हणजे मृत्यूच का? प्रवेश परीक्षेच्या उत्तरात प्रतीकं कशी उलगडायची

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. मराठीत एम.ए. झालंय, एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि यंदा पीएचडीच्या प्रवेश परीक्षेला बसणार आहे. या परीक्षेत, म्हणजे 'पेट'मध्ये, निम्मा भाग संशोधनपद्धतीचा आणि निम्मा विषयाचा असतो. संशोधनपद्धतीचं काही वाटत नाही, ते वाचून होतं. खरी धास्ती विषयाची आणि त्यानंतरच्या मुलाखतीची आहे.

बाजारात मिळणाऱ्या एका गाईडात बालकवींच्या 'औदुंबर'पुढे तक्ताच दिलाय : झरा म्हणजे काळाचा ओघ, पायवाट म्हणजे जीवनमार्ग, काळा डोह म्हणजे मृत्यू, औदुंबर म्हणजे स्थितप्रज्ञ योगी. मर्ढेकरांच्या 'पिपात मेले ओल्या उंदीर'मधल्या उंदरांपुढे 'यंत्रयुगातील माणूस', केशवसुतांच्या तुतारीपुढे 'क्रांती'. पाठ करायला सोपं आहे. पण मुलाखतीत कुणी विचारलं, "डोह म्हणजे मृत्यू, हे तुम्हांला कवितेत कुठे दिसलं?" तर मी बोट कशावर ठेवू? एखादी वस्तू नुसती वस्तू आहे की प्रतीक, हे ठरवतात कसं? आणि समीक्षकांची मतं एकमेकांना छेद देत असतील तर परीक्षेत कुणाचं लिहायचं?

ज्यांनी परीक्षा दिल्यात, पेपर तपासलेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. माझ्यासारखे बरेच जण वाचत असतील.

जुनी_पेटी

ताई, प्रश्न नेमका विचारलात, म्हणून जरा लांब लिहितो. मी बरीच वर्षं एम.ए.च्या उत्तरपत्रिका तपासल्या. अशा तक्त्याची उत्तरं एकामागून एक येतात आणि सगळी सारखीच वाचली जातात. चूक म्हणून त्यांचे गुण कापता येत नाहीत आणि चांगलं म्हणून चार गुण जास्तही देववत नाहीत. मुलांनी कविता वाचलीच नाही, याचंच वाईट वाटतं.

आधी रूपक आणि प्रतीक यांतला फरक पक्का करा, कारण तक्त्याचा सगळा घोळ तिथे होतो. एकनाथांचं भारूड घ्या : 'विंचू चावला वृश्चिक चावला, कामक्रोध विंचू चावला, तम घाम अंगासी आला.' इथे विंचू म्हणजे काय ते नाथांनीच सांगून टाकलंय. उताराही सांगितलाय : 'सत्त्वगुण लावा अंगारा, विंचू इंगळी उतरे झरझरा.' एका बाजूला विंचू, घाम, अंगारा आणि दुसऱ्या बाजूला कामक्रोध, तमोगुण, सत्त्वगुण. हे रूपक. इथे तक्ता चालतो, कारण तो कवीनेच मांडलाय. (तरीही 'किंचित राहिली फुणफुण' या शब्दांपाशी थांबा. सगळं विष उतरल्यावरही थोडी ठणक राहते, असं नाथ म्हणतात. तक्त्यात ही फुणफुण कुठे बसवाल?)

आता 'औदुंबर'. अवघ्या आठ ओळी आहेत, पूर्ण देतो :

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

यात बालकवींनी कुठेही 'डोह म्हणजे अमुक' असं म्हटलेलं नाही. म्हणून हे रूपक नव्हे. मग प्रतीक आहे कशावरून? गाईड मिटून रंग बघा. पहिल्या सहा ओळींत हिरवा रंग तीनदा येतो : हिरवाळी, हिरवी गर्दी, हिरवं कुरण. 'काळ्या डोहाकडे' हे शब्द आले की त्यानंतर हिरवा एकदाही नाही. आता क्रियापदं बघा. झरा वाहतो, पायवाट चालली आणि शेवटी औदुंबर बसला. कविता हळूहळू थांबत जाते. वाहतं पाणी डोहात येऊन स्थिरावतं.

अजून एक गोष्ट. गाव आहे, शेतमळे आहेत, पायवाट आहे, पण अख्ख्या कवितेत माणूस एकही नाही. पायवाट माणसांच्या पायांनी पडते, पण पाय दिसतात ते फक्त झाडाचे.

हे एवढं दाखवलंत की 'गजबजीकडून निश्चलतेकडे जाणारा प्रवास' असं म्हणायचा अधिकार तुम्हांला मिळाला. त्यापुढे जाऊन मृत्यू म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण मग 'गोड काळिमा'मधल्या 'गोड'चं उत्तर द्यावं लागेल. भीतीदायक मृत्यू असता तर काळिमा गोड कशाला? तक्त्यात हा शब्द कुणीच घेत नाही आणि सगळी कविता तर तिथेच फिरते. शेवट भयाचा नाही, विसाव्याचा आहे, असं ज्याला दिसतं त्याने ते लिहावं. ज्याला त्या गोडव्यात धोका दिसतो, ओढून नेणारं काहीतरी दिसतं, त्याने ते लिहावं. दोन्ही उत्तरांना मी गुण दिलेत. 'गोड' न वाचता लिहिलेल्या उत्तराला मात्र कधी मनापासून देता आले नाहीत.

मोरपीस

सर, किती सुंदर. 'पायवाट' आणि 'पाय टाकुनी' हे इतक्यांदा वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

एक भर घालते. बालकवी ५ मे १९१८ला जळगावजवळ भादली स्टेशनपाशी रेल्वेखाली गेले, वय अवघं सत्तावीस. त्यामुळे 'कवीला स्वतःच्या मृत्यूची चाहूल लागली होती' असं वाक्य 'औदुंबर'च्या उत्तरात हमखास येतं. ते टाळावं असं मला कळकळीने वाटतं. अपघात कवितेनंतरचा. तो कवितेत मागे नेऊन वाचला की आपण कविता सोडून चरित्र वाचायला लागतो. तुलनाच करायची तर त्यांच्याच इतर कवितांशी करा. 'पारवा'मधली पडकी धर्मशाळा, 'उदासीनता'मधली कारण न सापडणारी खंत. 'आनंदी आनंद गडे' आणि 'फुलराणी' लिहिणाऱ्या कवीच्या निसर्गात हे दुसरं टोकही आहे, हे त्यांच्याच शब्दांतून सिद्ध होतं. 'निसर्गकवी' हा शिक्का किती अपुरा आहे तेही त्यातच येऊन जातं.

पर्याय_ड

मी नेटच्या, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, अंगाने सांगतो, कारण तिथे लिहायला जागाच नसते. दोन्ही पेपर मिळून तीन तास, पेपर एक पन्नास प्रश्नांचा, पेपर दोन शंभर प्रश्नांचा, प्रत्येकी दोन गुण, चुकीला वजावट नाही. गिरणाकाठ ताई, तुमच्या विद्यापीठाची ताजी अधिसूचना आधी बघा. यूजीसीने २०२४पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठी ग्राह्य धरायला सुरुवात केलीय. जे त्या वाटेने जातात त्यांचा सत्तर टक्के भार नेटच्या गुणांचा आणि तीस टक्के मुलाखतीचा. म्हणजे मुलाखत तुम्हांला कुठूनही चुकत नाही.

प्रतीकावरचा प्रश्न वस्तुनिष्ठ पेपरात बहुतेक 'विधान आणि कारण' या रूपात गाठतो. सरावासाठी मी स्वतः केलेला एक नमुना :

विधान : 'औदुंबर' कवितेतील काळा डोह मृत्यूचे सूचन करतो.
कारण : बालकवींचा अकाली मृत्यू झाला.

दोन्ही वाक्यं सुटी वाचली तर बरोबर वाटतात आणि घाईत आपण 'दोन्ही बरोबर, कारण विधानाचं स्पष्टीकरण देते' यावर खूण करतो. पण मोरपीस ताईंनी म्हटलंय तेच इथे लागू पडतं. दुसरं वाक्य खरं आहे, पण ते पहिल्याचं कारण नाही. कारण कवितेच्या शब्दांत असायला हवं होतं. मूळ कविता ज्याने शब्दशः वाचलीय तो इथे फसत नाही. तक्तेवाला फसतो, कारण त्याला विधान आठवतं, त्यामागचं कारण नाही.

जोड्या लावा आले की मात्र पाठांतर लागतंच. कृती, कवी, साल, वाङ्मयप्रकार. त्याला इलाज नाही, त्यावर वेळ घालवून वर चर्चाही करू नये.

माडाखाली

मी नाट्यशास्त्राकडून मराठीत आलेय, त्यामुळे नाटकाबद्दल लिहिते. कवितेत प्रतीक शब्दांत असतं, नाटकात ते रंगमंचावर प्रत्यक्ष ठेवलेलं असतं. ते ओळखायची माझी पद्धत अशी : पहिल्या अंकात आलेली कुठली वस्तू शेवटी पुन्हा येते, आणि ती परत येते तेव्हा मधल्या वेळात तिच्याभोवती काय बदललेलं असतं?

तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' घ्या, 'रंगायन' या नाट्यसंस्थेने १९६७ साली रंगमंचावर आणलेलं. नाटक सुरू होतं तेव्हा नायिका बेणारेबाई आणि सामंत त्या सभागृहात येतात आणि दाराच्या कडीत बाईंचं बोट चेमटतं. किरकोळ प्रसंग. प्रेक्षक हसून सोडून देतो. पुढे लुटुपुटीचा खटला चालता चालता खरा होत जातो, बाईंचं खासगी आयुष्य एकेक साक्षीतून उघडं केलं जातं आणि त्या बाहेर पडायला दाराकडे धावतात, तर दार बाहेरून लागलेलं! तीच कडी. सुरुवातीला जिने बोट दुखवलं तिनेच आता सगळी वाट बंद केली.

तसाच तो हिरवा कापडी पोपट. सामंतने पुतण्यासाठी आणलेला. आणि बेणारेबाई गुणगुणतात ते चिमणीचं गाणं, जिचं घरटं कुणीतरी नेलंय आणि पोपट, कावळा कुणालाच त्याची दाद नाही. शेवटी बाई निश्चल पडलेल्या असताना सामंत तो पोपट हळूच त्यांच्याजवळ ठेवून निघून जातो. ज्या बाईला मूल वाढवायचं होतं तिच्या वाट्याला दुसऱ्याच्या मुलासाठी घेतलेलं खेळणं येतं. हे पात्रांपैकी कुणी बोलून दाखवत नाही.

उत्तरात लिहिताना 'कडी हे समाजबंधनाचे प्रतीक आहे' या वाक्याने सुरुवात करू नका. आधी दोन प्रसंग शेजारी शेजारी मांडा, मग समाजबंधन म्हणा. तपासणारा तोवर तुमच्यासोबत चालत आलेला असतो, त्याला ते पटतं. आणि एक जाणवलेलं सांगते : कडी नुसती प्रतीक नाही, ती आधी कडी आहे. ती लागली नसती तर बेणारेबाई निघून गेल्या असत्या आणि नाटक तिथेच संपलं असतं. जी वस्तू कथानकातलं कामही करते आणि अर्थही वाहते, तिच्यावर लिहिलेलं उत्तर भक्कम होतं.

वेशीबाहेर

इथवरचं सगळं वाचलं आणि बरंचसं पटलं, पण एका गोष्टीवर मला ठामपणे वेगळं म्हणायचंय. सगळे जण म्हणताय की अर्थ कृतीच्या शब्दांतूनच काढा. प्रत्येक प्रतीक तसं उलगडत नाही.

ढसाळांच्या 'गोलपिठा' (१९७२) संग्रहात 'सूर्यफुले हाती ठेवणारा फकीर' येतो. हा फकीर कोण? कवितेत नाव नाही. नुसत्या शब्दांकडे टक लावून बसलात तर भिक्षा मागणारा साधू हाती लागेल. ज्या वस्तीत बाबासाहेबांचा फोटो घरोघरी आहे तिथल्या शाळकरी मुलाला मात्र तो फकीर क्षणात कळतो. सूर्य हे प्रतीक मराठी कवितेत आधीही होतं, पण दलित कवितेने ते उचललं तेव्हा त्याचा इतिहासच बदलला. इथे सूर्य हा निसर्गातलं सौंदर्य नाही की देवही नाही. शतकानुशतकं ज्यांना त्याच्याकडे पाठ करून चालायला लावलं त्यांचं तोंड आता त्याच्याकडे वळलंय. हा अर्थ समूहाच्या अनुभवात आहे. परीक्षेत तो लिहायचा नाही का?

तसंच गावाचं. 'चार घरांचे गाव चिमुकले' वाचताना ज्याचं घर गावात होतं आणि ज्याचं गावकुसाबाहेर होतं, त्या दोघांना एकच चित्र दिसणार नाही. मी बालकवींवर आरोप करत नाही. मला ती कविता मनापासून आवडते. पण मुलाखतीत मला कुणी विचारलं तर मी हे बोलेन, आणि ते गैरलागू आहे असं मला वाटत नाही.

जुनी_पेटी

वेशीबाहेर, तुमचं म्हणणं मोलाचं आहे आणि ते परीक्षेत जरूर लिहावं. बाहेरचा संदर्भ आणायला माझी ना नाही. तो कुठल्या शब्दाला येऊन जोडला जातो, ते मात्र दाखवावं. ढसाळांच्या त्या ओळीत फकीर 'हजारो वर्षांनंतर लाभला' असं म्हटलंय. 'लाभला' हे क्रियापद आणि 'हजारो वर्षं' हा काळ, या दोन खुंट्या कवितेतच आहेत. त्यामुळे बाबासाहेबांचं नाव बाहेरून आणलं तरी ते उपरं वाटत नाही. उद्या कुणी त्याच फकिराला एखाद्या सुफी संताचं नाव दिलं तर 'हजारो वर्षांनंतर' तिथे बसणार नाही. संदर्भ बरोबर की ओढूनताणून आणलेला, ते असं तपासता येतं.

'औदुंबर'चंही तेच. उंबर म्हटलं की दत्त आठवतो. ही श्रद्धेची आठवण कवितेबाहेरची आहे, पण 'बसला' या शब्दामुळे आसन घालून बसलेला योगी दिसायला कविता वाव देते. उंबर ओढ्याकाठी वाढणारं झाड आहे, मुळं पाण्यात असणं त्याला नवं नाही, हेही तितकंच खरं. झाड झाड म्हणूनही खरं आहे आणि योगी म्हणूनही.

वेशीबाहेर

खुंट्यांची गोष्ट पटली. 'चार घरांचे गाव'साठी कवितेत खुंटी आहे का, ते मी अजून शोधतोय. सापडली तर लिहीन.

हिरवी_शाई

कादंबरीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडावं लागलेले ज्यू आणि मायदेशी परतणारे हिंदी प्रवासी. 'बोट हे जगाचे प्रतीक' असं सगळे लिहितात. लिहा, पण बोट काय करते ते बघा. ती मायदेशी परतणारा चक्रधर आणि ज्यू हॅर्टा या दोघांना एकत्र आणते आणि मुंबई आली की तीच त्यांना वेगळं करते. चक्रधरला उतरायला बंदर आहे, हॅर्टाला नाही. आणि युद्धाच्या कादंबरीत रणभूमी कुठेच नाही, तरी शीर्षक 'रणांगण'! चक्रधरचं आडनाव विध्वंस. एवढे तीन मुद्दे पंधरा मिनिटांच्या उत्तराला पुरून उरतात.

गिरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून वही घेऊन बसलेय. तुमच्या पद्धतीने 'पिपात मेले ओल्या उंदीर'वर छोटं उत्तर लिहून बघितलंय, शंभर-सव्वाशे शब्दांचं. कृपया कठोरपणे तपासा.

"१९४६ साली प्रसिद्ध झालेल्या या कवितेत मर्ढेकर उंदरांच्या मरणाचे वर्णन 'विण' या शब्दयोगी अव्ययाने करतात. माना पडल्या, पण 'मुरगळल्याविण'. ओठांवर ओठ मिळाले, पण 'आसक्तिविण'. जी कृती एरवी हिंसेची किंवा प्रेमाची असते, तिच्यातून हिंसा करणाराही वजा झाला आहे आणि प्रेम करणाराही. उरते ती केवळ घटना. पुढे 'जगायची पण सक्ती आहे. मरायची पण सक्ती आहे' या दोन ओळींत एकच शब्द बदलतो, त्यामुळे जगणे आणि मरणे सारखेच भासतात. उदासतेचे डोळेही 'काचेचे' आहेत, आणि ओठांवर जमलेले मधाळ पोळे 'बेकलायटी' आहे. बेकेलाइट हे त्या काळी रेडिओ, टेलिफोन, विजेची बटणे यांसाठी वापरले जाणारे कृत्रिम प्लॅस्टिक होते. म्हणजे जी गोडी उरली तीही कारखान्यातली. महायुद्ध नुकतेच संपले होते, हे लक्षात घेता उंदीर हे सामूहिक, चेहरा नसलेल्या मरणाचे आणि तसल्याच जगण्याचे प्रतीक ठरतात."

जुनी_पेटी

शाब्बास. 'हिंसा करणाराही वजा झाला आहे' हे वाक्य तुमचं स्वतःचं आहे, गाईडचं नाही. परीक्षकाला असंच वाक्य हवं असतं.

दोन सुधारणा. पहिली म्हणजे शेवटची ओळ राहिली. 'पिपांत उंदिर न्हाले! न्हाले!' दोनदा 'न्हाले' आणि उद्गारचिन्हं. मेलेल्या उंदरांना न्हाऊ घातलंय की ते स्वतः न्हाले? प्रेताला शेवटची आंघोळ घालतात, नवरा-नवरीलाही घालतात. वर ओठांवर ओठ लागलेच आहेत. हे सगळं एका शब्दात येतं आणि तुम्ही पहिल्या ओळीतल्या ओलेपणावरही काही लिहिलेलं नाही. दोन्ही टोकांना पाणी आहे, ते जोडा.

दुसरी, महायुद्धाचा संदर्भ शेवटच्या वाक्यात घाईने आलाय. तो 'सक्ती'जवळ आणा. सक्ती म्हटलं की ती करणारा कुणीतरी असतो आणि कवितेत तो दिसत नाही. काही वाचकांना इथे युद्धातल्या छावण्या दिसतात, काहींना मुंबईतलं गिरणीचं आणि चाळीचं जगणं. दोन्ही वाचनं एका वाक्यात नोंदवून तुमचं कुठलं ते सांगा. समीक्षक एकमेकांना छेद देतात तेव्हा कुणाचं लिहायचं, हे तुम्ही सुरुवातीला विचारलं होतंत. हे त्याचं उत्तर. दोघांचं नोंदवायचं आणि कुठल्या शब्दामुळे एका बाजूला झुकतो ते सांगायचं.

माडाखाली

मला अजून एक खटकलं. 'गरिब बिचारे बिळांत जगले' ही ओळ उत्तरात यायला हवी होती. सगळी कविता इतकी थंड, आणि मध्येच 'गरीब बिचारे' असं आजीच्या तोंडचं बोलणं. ती दया खरी आहे की वरवरची? मला ती खरी वाटते. ती नसती तर कविता नुसती बातमी झाली असती. मुलाखतीत याच ओळीवर बोललात तर समोरची मंडळी कान देऊन ऐकतील.

कापूरहोळ

मी यंदाच एम.ए.च्या प्रवेशासाठी तयारी करतोय, बी.ए.ला दुसरा विषय होता, त्यामुळे कच्चा आहे. 'तुतारी' म्हणजे क्रांती एवढंच आम्हांला शिकवलं. त्यात अजून बघण्यासारखं काय आहे?

मोरपीस

कापूरहोळ दादा, पहिलं कडवं हळू वाचा : 'एक तुतारी द्या मज आणुनि, फुंकिन मी जी स्वप्राणाने, भेदुनि टाकिन सगळी गगने, दीर्घ जिच्या त्या किंकाळीने.' १८९३ची कविता. सगळे 'भेदुनि टाकिन'वर जोर देतात. पण पहिली ओळ मागणी आहे. कवीच्या हातात तुतारी नाहीच! ती कुणीतरी आणून द्यायचीय. कुणी? समाजाने? आणि पुढची क्रियापदं भविष्यकाळी आहेत, 'फुंकिन', 'टाकिन'. म्हणजे अजून काही घडलेलं नाही. फुंकायचं आहे ते स्वतःच्या प्राणाने, श्वास आणि जीव दोन्ही अर्थांनी. आणि आवाज कसला, तर 'किंकाळी'. रणवाद्याचा आवाज ललकारी असायला हवा, किंकाळी दुखण्यातून किंवा भीतीतून निघते. पुढे 'जुने जाऊं द्या मरणालागुनि, जाळुनि किंवा पुरुनि टाका' असा आवेश येतो तेव्हा ही किंकाळी विसरायची नाही. 'क्रांतीचे प्रतीक' हे चूक नाही, पण ज्याच्याकडे वाद्यच नाही आणि ज्याला जीव ओतून ओरडायचंय अशा एकट्या माणसाची क्रांती आहे ती. केशवसुत मला या कवितेत फार एकटे वाटतात.

पर्याय_ड

हे उत्तर एम.ए. प्रवेशाच्या वर्णनात्मक भागात जसंच्या तसं चालेल. फक्त वेळ बघा. दहा गुणांच्या प्रश्नाला पंधरा-अठरा मिनिटं मिळतात. पहिली तीन-चार मिनिटं लिहायचं नाही, कविता छापलेली असेल तर पेन्सिलीने परत परत येणारे शब्द अधोरेखित करायचे. छापलेली नसेल तर ज्या ओळी नक्की पाठ आहेत तेवढ्याच उद्धृत करायच्या. अर्धवट आठवणारी ओळ अवतरणचिन्हांत घातली आणि शब्द चुकला तर त्या शब्दावर उभा केलेला सगळा मुद्दा कोसळतो.

कापूरहोळ

धन्यवाद मोरपीस ताई आणि पर्याय_ड सर. म्हणजे पाठांतर करायचंच, पण कवितेचं करायचं.

वेशीबाहेर

'औदुंबर'बद्दल परत लिहितो म्हटलं होतं. गाव 'पैल टेकडीकडे' आहे, म्हणजे बघणारा अलीकडच्या काठावर आहे. त्याला घरं मोजता येतात, पण तो गावात नाही. पायवाटही गावाकडून त्याच्याकडे येत नाही, ती डोहाकडे जाते. बघणारा गावाबाहेरच उभा आहे, एवढं तरी शब्दांत आहे. तो तिथे का आहे, हे कविता सांगत नाही आणि मी माझ्याकडून त्याला जात चिकटवणार नाही. पण बाहेरून गाव बघणाऱ्याची ही जागा माझ्या ओळखीची आहे, आणि मुलाखतीत मी एवढंच म्हणेन.

जुनी_पेटी

हे मी कुठल्याही समीक्षेत वाचल्याचं आठवत नाही. जरूर म्हणा.

गिरणाकाठ

सर, माडाखाली ताई, सुधारणा करून मर्ढेकरांचं उत्तर पुन्हा लिहिलंय, 'न्हाले' आणि 'गरीब बिचारे' दोन्ही घेतले. छावण्या आणि चाळ यांत मी चाळीकडे झुकलेय, 'बिळांत जगले'मुळे. मरण्याआधी त्यांना एक राहती जागा होती, असं ती ओळ सांगते.

आता 'पारवा' घेऊया का? ज्यांना वेळ आहे त्यांनी आपापली उत्तरं इथेच टाका. मी रविवारी संध्याकाळपर्यंत माझं टाकते. कापूरहोळ दादा, तुम्हीही लिहा, कच्चं असलं तरी चालेल.